तेलाची विहीर आटते कशी?

प्रश्न : आमचे घर उरणला. 'मुंबई हायचे तेल आता संपत आले' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, आणि आता माझी मुले शाळेत जातात. नात्यातले दोघे ऑफशोअरला नोकरी करतात, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी. त्यांचे म्हणणे, जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येते. मला कळत नाही ते असे : खाली तेलाचे तळे असेल, तर ते रिते होईपर्यंत तेल सारख्याच जोराने यायला हवे आणि मग एके दिवशी थांबायला हवे. वर्षानुवर्षे थोडे थोडे कमी का होत जाते?
– एक वाचक, उरण

उत्तर : खाली तळे नाही, इथूनच सुरुवात करायला हवी. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, जिथे समुद्र साधारण 75 मीटर खोल आहे, तिथे तळाखाली एक किलोमीटरहून अधिक खोलीवर चुनखडकाचे थर आहेत. तेल आहे ते त्या दगडात. विहीर खोदताना अधूनमधून या खडकाचा लांब दंडगोल कापून वर आणतात. त्याला कोअर म्हणतात. प्रयोगशाळेत त्यातून दीड इंच व्यासाचा छोटा तुकडा कापून, धुऊन, वाळवून घेतात. हातात घेतला तर तो फिकट रंगाचा, साध्या फरशीसारखा दिसणारा दगडच. पण त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला की थेंब पृष्ठभागावर टिकत नाही, बघता बघता आत शिरतो. भिंगाखाली धरला तर बारीक छिद्रे दिसतात, काही शंखशिंपल्यांच्या अवशेषांमधली, काही चुना विरघळून तयार झालेली. चांगल्या साठ्याच्या खडकात शंभर भागांपैकी पंधरा ते पंचवीस भाग अशी पोकळी असते. त्या पोकळीत तेल, गॅस आणि पाणी एकमेकांत अडकून, प्रचंड दाबाखाली, लाखो वर्षे बसलेले असते.

दाब हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. पाण्याच्या स्तंभात दर दहा मीटर खाली गेले की दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे सव्वा किलोमीटर खोलीवरच्या खडकातल्या द्रवावर सव्वाशे वातावरणांच्या आसपास दाब असतो. विहीर त्या थरापर्यंत पोचते तेव्हा त्या दाबाला पहिल्यांदाच वाट मिळते. विहिरीच्या तळाशी दाब कमी, दूरच्या खडकात जास्त, आणि या फरकामुळे तेल छिद्राछिद्रांतून विहिरीकडे सरकू लागते. सुरुवातीच्या काळात पंपाचीही गरज लागत नाही, तेल आपणहून वर येते.

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचे प्रयोग केले आणि 1856 मध्ये त्याचा नियम मांडला. दाबातला फरक दुप्पट तर प्रवाह दुप्पट, फरक निम्मा तर प्रवाह निम्मा. तेल उद्योगाचा सारा हिशेब आजही याच नियमावर उभा आहे. आता विचार करा. आज एक पिंप तेल बाहेर काढले. त्याची जागा भरून यायला काही नसेल, तर खडकातला दाब किंचित उतरला. दाब उतरला म्हणून उद्याचे पिंप किंचित सावकाश आले. ते काढल्यावर दाब आणखी उतरला. प्रत्येक पिंप मागून येणाऱ्या पिंपाचा वेग कमी करून जाते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात आहे. तेल शिल्लक असते, त्याला ढकलणारा जोर शिल्लक नसतो.

आपल्याकडच्या बोअरवेलशी ताडून पाहिले तर फरक नीट कळतो. बोअरचे पाणी मे महिन्यात खाली जाते, पण मृग आणि आर्द्रा नीट बरसले की खडकाच्या भेगा पुन्हा भरतात. तेलाच्या खडकाला पाऊस नाही. तिथे एकदा खर्च झालेला दाब माणसानेच बाहेरून आणून भरला तर भरला.

हा जोर येतो कुठून, यावर विहिरीचे सारे आयुष्य ठरते. काही ठिकाणी तेलाखाली पाण्याने भरलेला अवाढव्य थर असतो. तेल निघाले की ते पाणी खालून वर सरकते आणि दाब धरून ठेवते. अशा साठ्यातून निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तेल हाती लागू शकते. काही ठिकाणी तेलाच्या वर गॅसचा थर असतो, तो फुगून तेलाला खाली दाबतो. आणि काही ठिकाणी यातले काहीच नसते, जोर असतो तो फक्त तेलात विरघळलेल्या गॅसचा. हा शेवटचा प्रकार सर्वांत दगाबाज. दाब एका ठरावीक पातळीखाली गेला की गॅस तेलातून सुटा होऊन छिद्रांमध्ये बुडबुडे धरू लागतो. गॅस तेलापेक्षा कितीतरी पातळ, म्हणून तो आधी विहिरीकडे धावतो. ज्या गॅसने तेलाला ढकलायचे, तोच तेलाला मागे टाकून निघून जातो आणि मागे राहिलेले तेल अधिक घट्ट होते. अशा खडकातून कधी कधी शंभरातले पाच-दहा भागच तेल वर येते. जगभरचा सर्वसाधारण अनुभव असा की तेलाच्या साठ्यातले साधारण एक तृतीयांश तेल वर येते, दोन तृतीयांश दगडातच राहते. तेव्हा 'तेल संपले' असे म्हणणे बहुतेक वेळा चूकच असते.

तुमच्या नातेवाइकांनी पाण्याबद्दल सांगितले ते अगदी खरे आहे. विहिरीच्या तळाशी दाब फार उतरवला, म्हणजेच तेल फार घाईने ओढले, तर खालचे पाणी शंकूच्या आकारात वर चढते आणि वरचा गॅस तसाच खाली उतरतो. पाण्याला एकदा विहिरीपर्यंत वाट सापडली की ते ती सोडत नाही. मग शंभर पिंपे द्रव वर येते, त्यात तेल तीस, पुढे वीस, पुढे दहा. वर आलेले ते पाणी वेगळे करायचे, त्यातला तेलाचा अंश काढायचा, मगच सोडायचे किंवा परत खडकात घालायचे. खर्च सगळ्या शंभर पिंपांचा, उत्पन्न दहांचे.

मुंबई हायच्या इतिहासात हे सगळे पाहायला मिळते. 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये तिथे तेल शोधले. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले होते, देशाची परकीय चलनाची गंगाजळी रोडावली होती, आणि अशा वेळी घरच्याच समुद्रात तेल सापडले. मे 1976 मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षांत, उत्पादन सुरूही झाले. हा वेग आजच्या मापानेही थक्क करणारा आहे. 1980 च्या दशकात मुंबई हायमधून दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या घरात तेल निघत होते. एक पिंप म्हणजे 159 लिटर.

त्या दशकात हे क्षेत्र फार जोरात ओढले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई हायच्या मुख्य थरावर गॅसचे आवरण आहे, आणि खडक एकसारखा नाही, पातळ पातळ थरांत विभागलेला आहे. अशा खडकातून सावकाश काढायचे असते आणि काढलेल्या तेलाच्या जागी वेळेवर पाणी भरायचे असते. समुद्राचे पाणी खडकात सोडण्याचे काम 1980 च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे उत्पादन सुरू होऊन बरीच वर्षे लोटल्यावर सुरू झाले. तोवर दाब उतरला होता. पुढे अनेक विहिरींतून तेलाबरोबर येणाऱ्या गॅसचे प्रमाण बेसुमार वाढले. देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन 1989-90 मध्ये सुमारे 3 कोटी 40 लाख टन होते, ते 1992-93 मध्ये 2 कोटी 70 लाख टनांवर आले. या घसरणीत मुंबई हायचा वाटा मोठा होता. मधल्या काळात आखाती युद्ध झाले आणि देशाला सोने गहाण टाकावे लागले. ज्या वर्षांत घरच्या तेलाची सर्वांत जास्त गरज होती, नेमकी त्याच वर्षांत विहीर मागे हटली. त्या काळच्या अभियंत्यांना खडक कळत नव्हता असे मुळीच नाही. देशाला तेल हवे होते, आणि खडकाला उसंत देण्याची चैन परवडणारी नव्हती. पण खडकाला आपली अडचण कळत नाही, हेही तितकेच खरे.

प्रश्न : मग 'इतकी वर्षे पुरेल एवढा साठा' असे जे आकडे छापून येतात, ते कशावरून काढतात? ते खरे ठरत का नाहीत?

उत्तर : बहुतेक वेळा हा आकडा साध्या भागाकाराने काढलेला असतो. शिल्लक साठा भागिले आजचे वार्षिक उत्पादन. गणित बरोबर, पण विहीर त्या गणिताप्रमाणे वागत नाही. एक हिशेब कागदावर मांडून पाहू.

समजा एक विहीर आज दिवसाला 1,000 पिंपे देते आणि दर वर्षी मागच्या वर्षापेक्षा 10 टक्के कमी देत जाते. एका वर्षाने ती 900 वर येईल, दोन वर्षांनी 810 वर, पाच वर्षांनी 590 वर, दहा वर्षांनी 349 वर. दिवसाला 50 पिंपांच्या खाली गेल्यावर ती चालवणे परवडत नाही असे धरू. ती पातळी यायला सुमारे 28 वर्षे लागतात, आणि तोवर तिच्यातून एकूण 33 लाख पिंपे तेल निघालेले असते. आता आज सकाळी कोणी भागाकार केला असता तर? 33 लाख भागिले वर्षाचे 3 लाख 65 हजार. उत्तर येते 9 वर्षे. म्हणजे 'नऊ वर्षांत संपणार' अशी बातमी आज छापली, तर दहाव्या वर्षीही ती विहीर चालूच असेल, फक्त एक तृतीयांश जोराने. एकूण तेलातले निम्मे पहिल्या सहा वर्षांत निघते आणि उरलेले निम्मे काढायला पुढची बावीस वर्षे जातात. तुम्ही शाळेपासून 'संपत आले' ऐकता आहात आणि तेल अजून येतेच आहे, यात काही गूढ नाही.

खुद्द मुंबई हायचे आकडे घ्या. 2024 मध्ये तिथे दिवसाला सुमारे 1 लाख 34 हजार पिंपे तेल निघत होते, आणि काढता येण्याजोगे तेल सुमारे 61 कोटी पिंपे शिल्लक आहे असे हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसीने त्या वेळी सांगितले होते. भागाकार केला तर साडेबारा वर्षे होतात. पण साडेबारा वर्षे दिवसाला 1 लाख 34 हजार पिंपे येत राहतील आणि मग एके सकाळी नळ कोरडा पडेल, असे होणार नाही. उत्पादन उतरत जाईल आणि त्याहून कितीतरी अधिक वर्षे रेंगाळेल.

उतरण मोजण्याची शिस्तशीर रीत जे. जे. आर्प्स या अभियंत्याने 1945 मध्ये एका शोधनिबंधात मांडली. त्याने खडकाची फारशी माहिती मागितलीच नाही. विहिरीचे महिन्यामहिन्याचे उत्पादन मांडा, त्यातून कोणती वक्ररेषा जाते ते पाहा आणि ती पुढे वाढवा. त्याने तीन जाती सांगितल्या. पहिलीत घटीची टक्केवारी कायम राहते, आपण वर केले तसे. दुसरीत ती टक्केवारी वयाबरोबर हळूहळू कमी होते. तिसरीत ती आणखी वेगाने कमी होते, म्हणजे म्हातारी विहीर जास्त तग धरते. ऐंशी वर्षे उलटली, तरी जगभरच्या तेल कंपन्यांत आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांत हीच समीकरणे रोज वापरली जातात.

पण या रीतीतला धोका लक्षात घ्यायला हवा. आपली 1,000 पिंपांची विहीर तिन्ही जातींत घालून पाहिली, दुसरीसाठी मधली वक्ररेषा घेतली आणि सुरुवातीचा उतार सारखाच ठेवला, तर एका वर्षानंतरचे उत्पादन अनुक्रमे 900, 902 आणि 905 येते. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतही हरवून जातो. पाच वर्षांनी आकडे 590, 627 आणि 655. वीस वर्षांनी मात्र 122, 237 आणि 322. म्हणजे विहीर एक वर्षाची असताना ज्या तीन भाकितांत काहीच फरक दिसत नव्हता, त्यातले एक वीस वर्षांनी दुसऱ्याच्या अडीच पटींहून अधिक. नव्या विहिरीच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून कोणी छातीठोकपणे वीस वर्षांचे भविष्य सांगत असेल, तर त्याच्या शब्दावर एक पैसाही लावू नका.

अमेरिकेतल्या शेल तेलाच्या बाबतीत हीच अडचण आणखी तीव्र होते. तिथला खडक इतका घट्ट की त्यातून तेल आपणहून वाहतच नाही. आडवी विहीर खोदून, पाणी आणि वाळू जबरदस्त दाबाने आत घालून खडकाला भेगा पाडाव्या लागतात. भेगांलगतचे तेल धावत येते, मग खडकाच्या आतले तेल अगदी मुंगीच्या पावलांनी. त्यामुळे अशा विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येते आणि नंतर शेपटी लांबत जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2025 मध्ये सप्टेंबरात दिलेल्या अहवालात म्हटले आहे की सगळे नवे खोदकाम आज थांबवले, तर अशा घट्ट खडकातल्या तेल-गॅसचे उत्पादन बारा महिन्यांत 35 टक्क्यांहून अधिक घसरेल. त्याच अहवालानुसार शिखर ओलांडलेल्या पारंपरिक तेलक्षेत्रांची सरासरी घट वर्षाला 5.6 टक्के आहे. मध्यपूर्वेतल्या जमिनीवरच्या महाकाय क्षेत्रांची 2 टक्क्यांहून कमी, युरोपातल्या समुद्रातल्या छोट्या क्षेत्रांची 15 टक्क्यांहून अधिक. 2019 पासून या उद्योगात तेल-गॅस काढण्यावर जी गुंतवणूक झाली, तिच्यातला जवळपास नव्वद टक्के पैसा उत्पादन वाढवायला नव्हे, घट भरून काढायला गेला, असेही तो अहवाल सांगतो. हा आकडा मला फार बोलका वाटतो. जग आहे तिथेच उभे राहण्यासाठी एवढा खर्च करते आहे.

प्रश्न : ही घट थांबवता येत नाही का?

उत्तर : थांबवता येत नाही, सावकाश करता येते. आणि ती सावकाश करण्यातच सारे कौशल्य आहे.

पहिला उपाय पाणी भरण्याचा. काही विहिरी फक्त पाणी आत घालण्यासाठी खोदतात. समुद्रात पाण्याला तोटा नाही, पण ते जसेच्या तसे घालता येत नाही. आधी गाळायचे, कारण बारीक गाळानेही खडकाची छिद्रे बुजतात. मग त्यातला प्राणवायू काढायचा, नाहीतर पाइप गंजतात. मग जिवाणू मारायचे, कारण समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे काही जिवाणू खडकात जाऊन विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. एवढे केल्यावर ते पाणी कुठे, किती आणि कोणत्या थरात सोडायचे हे ठरवायचे. ते चुकले तर पाणी तेलाला न ढकलता मोकळ्या थरातून थेट शेजारच्या विहिरीत निघते.

दुसरा उपाय विहिरीतच मदत देण्याचा. दाब कमी झाला की तेलाचा स्तंभ स्वतःच्या वजनानेच अडतो. मुंबई हायवर विहिरीच्या नळीत ठरावीक खोलीवर गॅस सोडतात, त्याने स्तंभ हलका होतो आणि वर चढतो. जमिनीवर दांड्याचे पंप वापरतात. उत्तर गुजरातेत मेहसाणा भागात शेतांमध्ये मान खालीवर करणारे हे पंप दिसतात. तिथले तेल घट्ट आहे, आणि बालोल व संथालसारख्या क्षेत्रांत तर खडकात हवा सोडून थोडे तेल जमिनीखालीच जाळतात, म्हणजे उष्णतेने बाकीचे पातळ होऊन वाहते.

शिवाय विहिरीचीही दुरुस्ती असते. नळीत मेण साचते, क्षार बसतात, वाळू येते. चुनखडकात ॲसिड सोडले की विहिरीजवळच्या बुजलेल्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात. अशा दुरुस्तीला वर्कओव्हर म्हणतात. त्यानंतर आलेखावर रेषा एकदम वर उडी घेते आणि मग पुन्हा आपल्या उताराला लागते.

शेवटचा उपाय, मधल्या जागी नव्या विहिरी. 2000 च्या सुमारास मुंबई हायच्या उत्तर आणि दक्षिण भागांचा पुनर्विकास हाती घेतला गेला, त्यात जुन्या विहिरींना फाटे फोडून पातळ थरांमध्ये आडव्या विहिरी नेल्या. घसरण त्याने आटोक्यात आली. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने बीपी (पूर्वीची ब्रिटिश पेट्रोलियम) या कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सल्लागार म्हणून नेमले. तेल आणि गॅस मिळून उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असा बीपीचा अंदाज आहे. पन्नास वर्षांच्या क्षेत्राच्या बाबतीत हा आकडा मला मोठा वाटतो. खरा ठरला तर आनंदच आहे, कारण आपण वापरतो त्यातले 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो.

काहीच सांभाळले नाही तर काय होते, याचे ठळक उदाहरण टेक्सासमधले स्पिंडलटॉप. 10 जानेवारी 1901 रोजी तिथे तेलाचे कारंजे उडाले, दिवसाला लाख पिंपांचे. त्या छोट्या टेकडीवर शेकडो विहिरी दाटीवाटीने खोदल्या गेल्या, कारण ज्याच्या जमिनीतून तेल निघेल त्याचे ते, असा कायदा होता. शेजाऱ्याच्या आधी ओढायचे. दाब सगळ्यांचा एक, आणि राखायला कोणी नाही. 1902 मध्ये 1 कोटी 70 लाखांहून अधिक पिंपे निघाली. 1904 उजाडेपर्यंत सगळ्या टेकडीचे उत्पादन दिवसाला 10 हजार पिंपांवर आले होते.

प्रश्न : कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचे काय झाले? तो तर पाच वर्षांतच बसला.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गॅसची विहीर तेलापेक्षा वेगळी वागते. गॅस पातळ असल्याने खडकातून सहज निघतो, आणि चांगल्या साठ्यातले शंभरातले ऐंशी भाग गॅस हाती लागू शकतो. पण शत्रू तोच, पाणी. गॅसचा वेग चांगला असतो तोवर तो आत आलेले पाणी थेंबांच्या रूपात वर उडवून नेतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पाणी नळीतच साचू लागते, त्याच्या वजनाने वेग आणखी घटतो, आणि खडकात गॅस असतानाही विहीर बुडते. त्यावर अरुंद नळी आत सोडून वेग वाढवणे हा एक उपाय असतो.

या खोऱ्यातल्या केजी-डी6 गटात उत्पादन एप्रिल 2009 मध्ये सुरू झाले. मार्च 2010 पर्यंत ते दिवसाला जवळपास 7 कोटी घनमीटरवर गेले. ते 8 कोटींपर्यंत न्यायची योजना होती. प्रत्यक्षात 2013-14 मध्ये ते दीड कोटी घनमीटरच्या खाली आले. विहिरींमध्ये पाणी आणि वाळू शिरली, दाब अंदाजापेक्षा झपाट्याने उतरला, आणि साठ्याचा आधीचा अंदाज कापून तृतीयांशाच्या आसपास आणावा लागला. गॅस काढणाऱ्या कंपनीने भूगर्भाला बोल लावला. सरकारचे म्हणणे होते की ठरल्याइतक्या विहिरी खोदल्याच नाहीत. वाद लवादात गेला. केजी-डी6 मधले पहिले दोन मुख्य साठे फेब्रुवारी 2020 मध्ये बंद झाले. त्याच गटातल्या दुसऱ्या साठ्यांतून डिसेंबर 2020 पासून पुन्हा गॅस येऊ लागला आहे, पण त्या विहिरी वेगळ्या आणि खडकही वेगळा. पहिल्या साठ्यांतल्या गॅसच्या भरवशावर आंध्रात वीज केंद्रे उभी राहिली होती, आणि गॅसअभावी ती वर्षानुवर्षे थंड पडली. उतरणीचा अंदाज चुकला की किंमत विहिरीपासून फार दूरच्या लोकांना मोजावी लागते.

प्रश्न : माझा भाचा पेट्रोलियम इंजिनिअरिंगला जायचे म्हणतो. सगळ्या विहिरी उतरणीला लागलेल्या असताना त्याला जाऊ द्यावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जाऊ द्या. नवी विहीर दाबाच्या जोरावर वाहते, तिला फारसे कोणी लागत नाही. जुन्या विहिरीला रोज माणूस लागतो : कोणता थर बंद करायचा, पाणी कुठे सोडायचे, कोणत्या विहिरीवर पैसे घालायचे आणि कोणती सोडून द्यायची. शेवटी ती सिमेंटने कायमची बुजवायची आणि समुद्रातला प्लॅटफॉर्म उतरवायचा, हेही कामच आहे, आणि आपल्या समुद्रात ते येत्या काळात वाढणार आहे. खडकातून द्रव कसा वाहतो हे ज्याला कळते, त्याला भूजल, भूगर्भातली उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचे काम, या सगळ्यांतच तेच ज्ञान कामी येते. फक्त पगाराच्या आकड्यांवर जाऊ नका, तेलाचे भाव पडले की या क्षेत्रातली भरती वर्ष-दोन वर्षे पार आखडते. धनबादची आयआयटी आहे, पुण्यातही हा अभ्यासक्रम आहे. प्रवेश घेण्याआधी त्याला एक काम सांगा. वरचा 1,000 पिंपांचा हिशेब त्याने स्वतः स्प्रेडशीटमध्ये मांडावा, तिन्ही जातींचा, वीस वर्षांचा. ते करताना त्याला कंटाळा आला नाही आणि चौथी जात करून पाहावीशी वाटली, तर निर्धास्त पाठवा.